पेटीची पट्टी आणि संगणकाचे बटण

पेटी वाजविणाऱ्याची बोटे आणि टाईपरायटरवर बसलेल्या कारकुनाची बोटे शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच्या बोटांतून अभंगाची चाल निघते, दुसऱ्याच्या बोटांतून कचेरीचे पत्र. पण बोटांची हालचाल पाहिली तर ती सख्ख्या भावंडांची वाटेल. बोटे तशीच किंचित वाकलेली, आणि डोळे बोटांकडे नसून दुसरीकडेच लागलेले. एकाचे गायकाच्या तोंडाकडे, तर दुसऱ्याचे बाजूच्या मसुद्याकडे. हे साम्य योगायोगाचे नाही. अक्षरे उमटविणारी बटणे ही सूर काढणाऱ्या पट्ट्यांच्याच घराण्यातली आहेत. सासरी गेलेली ही लेक गेल्या काही दशकांत संगणकाच्या वाटेने पुन्हा माहेरी आली आहे. संगणकाचा कळफलक, ज्याला आपण सरसकट की-बोर्ड म्हणतो, तो आता पेटीसारखा वाजविता येतो. हे कसे घडले, आणि त्यातून आपल्या शाळेतल्या मुलाला काय मिळण्यासारखे आहे व काय नाही, याचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम पट्टी म्हणजे काय ते पाहू. पट्टी म्हणजे एक साधी दांडी. एका टोकाला माणसाचे बोट, दुसऱ्या टोकाला काहीतरी काम. बासरीत माणूस भोक आपल्याच बोटाने झाकतो, सतारीत तार आपल्याच बोटाने दाबतो व ओढतो. बोट आणि सूर यांच्यामध्ये फारसे कोणी नसते. पट्टी आली की मध्ये एक मध्यस्थ आला. मध्यस्थ आला म्हणजे सोय होते आणि थोडी अडचणही होते, हा तुमचा-आमचा बाजारातला अनुभव आहेच. गाण्यातही तेच झाले.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्टेसिबियस नावाचा एक कल्पक कारागीर होऊन गेला. पाण्याच्या दाबाने हवेचा जोर एकसारखा ठेवून नळ्या वाजविणारे एक वाद्य त्याने केले. प्रत्येक नळीच्या तळाशी एक सरकती पट्टिका असे. पट्टी दाबली की ती सरकून भोक उघडे, आणि बोट उचलले की शिंगाच्या लवचिक चिपेने ती परत जागेवर येई. अशा पट्ट्यांच्या एका रोमन वाद्याचे अवशेष हंगेरीत, बुडापेस्टमधल्या अ‍ॅक्विंकम येथे, १९३१ साली सापडले. त्याच्यावरील लेखावरून ते इसवी सन २२८ मधले ठरते. म्हणजे बोटाने पट्टी दाबावी आणि दूर कुठेतरी सूर उमटावा, ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

पुढे युरोपातल्या चर्चमध्ये मोठमोठे ऑर्गन उभे राहिले, घराघरांत तारांची पट्टीवाद्ये आली. त्यांतले हार्पसिकॉर्ड हे वाद्य मोठे गोड, पण त्याची एक खोड होती. पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, आवाज तेवढाच! आत एक टोकदार काडी तार छेडून जाई, तिला बोटाचा जोर कळत नसे. ही उणीव इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास दूर केली. त्याने छेडणाऱ्या काडीच्या जागी तारेवर आपटणारी छोटी हातोडी बसविली. बोट हळू तर हातोडी हळू, बोट जोरात तर हातोडी जोरात. हाच पियानो. बोटाचा जोर सुरापर्यंत पोहोचविणे ही त्याची खरी करामत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

आपली पेटी या कुळातली धाकटी. हवेने पितळेची जीभ थरथरते आणि सूर निघतो. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं याने १८४० च्या सुमारास या वाद्याला हार्मोनियम हे नाव दिले. ते पायाने हवा भरण्याचे वाद्य होते, खुर्चीवर बसून वाजवावयाचे. आपली मंडळी बैठकीवर बसणारी. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता मागे बसविला आणि डाव्या हाताने हवा, उजव्या हाताने सूर अशी सुटसुटीत पेटी केली. ती भजनात गेली, कीर्तनात गेली, तमाशात आणि शाळेच्या प्रार्थनेतही गेली. महाराष्ट्रात तर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या थोर कलावंताने तिला प्रतिष्ठा दिली. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली याच टेंब्यांच्या.

आता घराण्याची दुसरी पाती पाहू. बोटाने पट्टी दाबून सूर निघतो, तर मग अक्षर का निघू नये? हा विचार एकोणिसाव्या शतकात एकाच वेळी अनेक डोक्यांत आला. इटलीतल्या नोव्हारा गावच्या ज्युसेप्पे राविझ्झा याने १८५५ साली एका लेखनयंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याचे नाव काय ठेविले? ‘चेंबालो स्क्रिवानो’, म्हणजे लिहिणारे हार्पसिकॉर्ड! त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूज याने तारेने संदेश पाठवून पलीकडे अक्षरे छापणारे यंत्र केले. हा ह्यूज मूळचा संगीताचा शिक्षक. त्याच्या तारयंत्राला चक्क पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या अठ्ठावीस पट्ट्या होत्या. आणि १८६८ साली मिलवॉकी शहरातल्या क्रिस्तोफर शोल्स व त्याच्या सोबत्यांनी ज्या टाईपरायटरचे पेटंट घेतले, त्याच्या पट्ट्याही पियानोच्याच घाटाच्या होत्या.

पण एका ओळीत सगळी अक्षरे मांडली तर यंत्र फार रुंद होते, आणि हात सारखा इकडून तिकडे न्यावा लागतो. म्हणून पट्ट्या आखूड झाल्या, त्यांची गोल बटणे झाली, आणि बटणे चार ओळींत एकावर एक बसली. १८७४ साली रेमिंग्टन कारखान्यातून बाजारात आलेल्या यंत्राचे रूप हे असे होते. प्रत्येक बटणाखालची दांडी दुसऱ्या ओळीच्या दांड्यांमधून वाट काढीत मागे जाई, म्हणून ओळी एकमेकींच्या बरोबर खाली न येता थोड्या तिरक्या सरकल्या. तो तिरकेपणा अजून आपल्या संगणकाच्या कळफलकावर आहे. तिथे आता दांड्याही नाहीत आणि गरजही नाही, पण वाडवडिलांची खूण राहिली आहे. याच खुणेचा गाण्याला कसा उपयोग झाला, ते थोड्या वेळाने पाहू.

आपल्या देशात १९५५ पासून मुंबईच्या गोदरेज कंपनीने स्वदेशी टाईपरायटर तयार केले, आणि तालुक्याच्या गावी टायपिंगचे क्लास निघाले. ज्यांनी ती यंत्रे चालविली त्यांना आठवत असेल, बोट जोरात आपटले तर अक्षर गडद उमटे, कागदाला भोकही पडे. हलके पडले तर अक्षर फिकट. म्हणजे बोटाचा जोर अजून थोडासा तरी कागदावर उतरत होता. संगणकाचे बटण आले आणि तेही संपले. त्याला दोनच गोष्टी कळतात. दाबले आणि सोडले.

इकडे संगणक स्वतः गाऊ लागला, त्याची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. पहिले संगणक खोलीभर पसरलेले असत. त्यांत काम संपले किंवा अडले की चालकाला इशारा देण्यासाठी एक भोंगा बसवीत. हा भोंगा सेकंदाला अमुक इतक्या वेळा टिकटिकविला तर टिकटिक न राहता सूर ऐकू येतो, हे हुशार माणसांच्या ध्यानात आले. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९५१ साली जेफ हिल याने तिथल्या संगणकाकडून लोकांसमोर गाण्याच्या चाली वाजवून घेतल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संगणकाकडून क्रिस्तोफर स्ट्रेची याने राष्ट्रगीत, एक बालगीत आणि एक नाचाची चाल अशी तालीम करून घेतली. बी.बी.सी. या तिथल्या नभोवाणीने ती तबकडीवर घेतली, म्हणून ती टिकली. २०१६ साली न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ही तबकडी तपासली तेव्हा तिच्या वेगात फरक पडल्यामुळे सूर मूळचे राहिले नव्हते असे आढळले. त्यांनी ते सुधारून पुन्हा ऐकविले. संगणकाने यथायोग्य सूर काढलाही नसता. त्याला ज्या मोजक्या टिकटिकी येत होत्या त्यांतली जवळची एक तो घेई. काही सूर म्हणून थोडे उतरेच लागले आहेत.

पुढे १९५७ साली अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज याने संगणकाकडून ध्वनीची लाट आकड्याआकड्याने तयार करून घेण्याची रीत बसविली. त्या रीतीची पहिली रचना अवघी सतरा सेकंदांची होती. पण या सर्व उद्योगांत एक गोष्ट सारखीच. गाणे आधी लिहावयाचे, यंत्राला सोपवावयाचे, आणि मग ते जसे येईल तसे ऐकावयाचे. बोट दाबले आणि त्याच क्षणी सूर आला, असे त्यात नव्हते. पंगतीत वाढून ठेवलेल्या ताटासारखा तो प्रकार. आवडले नाही तर वाढपी केव्हाच पुढे गेलेला!

बोट आणि सूर यांची पुन्हा भेट व्हावयाला संगणक लहान, स्वस्त आणि जलद व्हावे लागले. ते १९८० नंतर झाले. घरोघरच्या टेबलांवर बसणारे संगणक आले, आणि त्यांना टाईपरायटरचाच कळफलक होता. भारत सरकारने १९८४ साली निवडक शाळांत संगणक शिकविण्याची ‘क्लास’ नावाची योजना काढली, तीत बी.बी.सी. मायक्रो नावाचे असेच संगणक आले होते. त्या संगणकाला एका वेळी तीन सूर काढता येत. काही थोड्या ओळींची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहून बटणागणिक सूर काढणे त्याच्यावर शक्य होते.

त्याच सुमारास, १९८३ साली, दुसरी एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कारखान्यांनी मिळून विजेच्या वाद्यांची एक समाईक बोली ठरविली. तिचे नाव मिडी. ही बोली मोठी काटकसरी आहे. ती आवाज पाठवीतच नाही, फक्त निरोप पाठविते. अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. क्रमांक ० ते १२७, जोरही ० ते १२७. पियानोच्या मधल्या पांढऱ्या एकचा क्रमांक ६०. निरोप ऐकून सूर काढण्याचे काम पलीकडचे यंत्र करते. आता निरोपच पाठवावयाचा, तर तो पियानोच्या पट्टीने पाठविला काय आणि अक्षराच्या बटणाने पाठविला काय, पलीकडच्याला काय फरक पडतो? इथेच संगणकाचा कळफलक वाद्य होण्याला मोकळा झाला. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा संगणकासाठी गाणी रचण्याचा एक प्रोग्रॅम काढला. त्या धाटणीच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांची बटणे हीच पट्ट्या झाली. ज्यांना पियानो परवडत नव्हता अशा पोरांनी त्यांवर ढीगभर गाणी रचली.

आता ती तिरकी खूण. कळफलकाची मधली ओळ डोळ्यांसमोर आणा. ए, एस, डी, एफ, जी, एच, जे, के. ही आठ बटणे म्हणजे पेटीच्या आठ पांढऱ्या पट्ट्या समजा. सा, रे, ग, म, प, ध, नी आणि वरचा सा. वरची ओळ तिरकी सरकलेली असल्यामुळे तिची बटणे खालच्या दोन बटणांच्या मधल्या फटीवर येतात, अगदी पेटीच्या काळ्या पट्ट्यांसारखी. सा आणि रे यांच्यामध्ये वर डब्ल्यू, तो कोमल रे. रे आणि ग यांच्यामध्ये ई, तो कोमल ग. ग आणि म यांच्यामध्ये पेटीला काळी पट्टी नसते, म्हणून तिथले आर हे बटण मुके ठेवावयाचे. पुढे टी म्हणजे तीव्र म, वाय म्हणजे कोमल ध, यू म्हणजे कोमल नी. नी आणि वरच्या सा यांच्यामधले आय पुन्हा मुके. झाले सप्तक! अ‍ॅपल कंपनीच्या गॅरेजबँडमध्ये अशीच मांडणी आहे. दुसऱ्या एका मांडणीत सर्वांत खालच्या झेड, एक्स, सी या ओळीवर एक सप्तक आणि क्यू, डब्ल्यू, ई या ओळीवर वरचे सप्तक बसविलेले असते. एल.एम.एम.एस.सारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेतला तरी अशा मांडणीवर हात बसविता येतो.

हे बटण आत काय करते? कळफलकाच्या पोटात तारांची आडवी-उभी जाळी असते, शेतातल्या वाफ्यांसारखी. प्रत्येक बटण एका आडव्या आणि एका उभ्या तारेच्या चौकावर. आतली एक चिप सेकंदाला शेकडो वेळा ही जाळी तपासते आणि कोणता चौक जोडला गेला ते संगणकाला कळविते. यात एक गंमत आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकदम दाबली तर चिपेला चौथेही दाबल्याचा भास होतो. हा भास टाळण्यासाठी साधे कळफलक तिसऱ्या बटणाकडे सरळ कानाडोळा करतात. त्यामुळे पाश्चात्त्य गाण्यातला तीन-चार सुरांचा झुबका वाजवू गेले की एखादा सूर गळतो, आणि वाजविणारा बुचकळ्यात पडतो. आपल्या रागदारीत सूर एकामागून एक येतात, तेव्हा ही अडचण आपल्याला फारशी बाधत नाही.

दुसरी अडचण उशिराची. बटण दाबल्यावर संगणक आवाजाचे आकडे थोडे साठवितो आणि मग एकदम बाहेर सोडतो. सेकंदाला ४४,१०० आकडे या सामान्य मापाने १,०२४ आकड्यांचा साठा केला तर तेवीस सहस्रांश सेकंद जातात. हे फार का? हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्या हिशेबाने हा उशीर म्हणजे तुमचीच पेटी तुम्ही आठ मीटरांवरून, वर्गाच्या पलीकडच्या भिंतीपाशी ठेवून ऐकण्यासारखे आहे. संथ भजनाला चालून जाईल, द्रुत लयीला खटकेल. साठा २५६ आकड्यांवर आणला तर तीच पेटी दोन मीटरांवर येते. प्रोग्रॅममध्ये हा आकडा बदलता येतो. शिक्षकांनी आधी तो पाहावा, नाहीतर मुलांच्या लयीला उगाच दोष दिला जाईल.

आता नभोवाणीच्या इतिहासातले एक प्रकरण सांगणे भाग आहे, कारण त्याचा आपल्या विषयाशी सरळ संबंध आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांवर बंदी केली. भजनात आणि मैफलीत रूढ झालेली पेटी आकाशवाणीच्या दारात मात्र तीस वर्षे उभी राहिली. १९७१ साली ही बंदी अंशतः उठली. बंदी घालणाऱ्यांत परके होते तसे आपलेही होते, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. पहिला आक्षेप असा की पेटीचे सूर ठोकून बसविलेले. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही. दुसरा आक्षेप असा की तिचे सूर युरोपी पद्धतीने समान बारा भागांत वाटलेले. आपल्या कानाला जे सूर नैसर्गिक वाटतात त्यांच्याशी ते सगळे जुळत नाहीत.

या दुसऱ्या आक्षेपाचा हिशेब करून पाहू. आपल्या संगीतशास्त्राच्या पुस्तकांत सा ची कंपने सेकंदाला २४० धरण्याचा प्रघात आहे. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार सा च्या सव्वापट, म्हणजे ३०० कंपनांचा. समान वाटणीचा गंधार मात्र ३०२.४ च्या आसपास येतो. पंचमात फरक अगदी थोडा, ३६० च्या जागी ३५९.६. पंचमाचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. गंधाराचे तसे नाही. दोन गंधार एकत्र वाजविले तर सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज हेलकावे खातो. तंबोरा लावून गाणाऱ्याला हे हेलकावे दाताखाली खडा यावा तसे लागतात.

संगणकाच्या बटणाला हे दोन्ही आक्षेप लागू आहेत, शिवाय तिसरा अधिक. पेटीत निदान भात्याने आवाज कमी-जास्त करता येतो. साध्या बटणाला तेही नाही. क्रिस्तोफोरीने तीनशे वर्षांपूर्वी मिळविलेले इथे पुन्हा हातचे गेले. बटण कसेही दाबा, प्रोग्रॅम आपल्या मनाने जोराचा एकच आकडा भरून निरोप पुढे धाडतो.

पण एका बाबतीत बटण पेटीपेक्षा भाग्यवान आहे. पेटीचा गंधार बदलावयाचा तर पितळेची जीभ कानसावी लागते, ते कारागिराचे काम. संगणकात सूर म्हणजे एक आकडा. ३०२.४ च्या जागी ३०० लिहिले की गंधार शुद्ध झाला. अनेक प्रोग्रॅममध्ये सुरांची वाटणी बदलण्याची सोय असते. मींडेसाठी मिडीच्या बोलीत सूर वाकविण्याचा निराळा निरोप आहे, तो उंदरासारख्या माऊसने किंवा वेगळ्या चाकाने पाठविता येतो. गळ्याची सर त्याला नाही. पण तीस वर्षे दारात उभ्या राहिलेल्या पेटीला जे जमले नाही, ते या बटणाला थोडेफार जमते. अट एकच. ते बदलले पाहिजे हे बदलणाऱ्याच्या कानाला कळले पाहिजे. आपण होऊन प्रोग्रॅम समान वाटणीच देतो.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, या हिशेबाचा खरा संबंध तुमच्या वर्गाशी आहे. पुष्कळ शाळांत संगणक आहे, पण संगीताचे शिक्षक नाहीत आणि पेटी घ्यावयाला पैसे नाहीत. तिथे हे फुकटचे वाद्य म्हणजे मोठीच सोय. मुलाला सप्तकाची ओळख होईल, कोमल-तीव्र म्हणजे काय ते दिसेल, प्रार्थनेची चाल बसविता येईल. पण एक धोका डोळ्यांआड करू नका. समजा, एखादी मुलगी आपल्या आजीकडून ऐकलेली ओवी म्हणते आहे. तिचा गंधार तंबोऱ्याचा, निसर्गाचा, ३०० चा. गुरुजी बटण दाबतात, ३०२.४ चा गंधार वाजतो, आणि गुरुजी म्हणतात, “पोरी, तू उतरी लागलीस.” पोर बिचारी दुसऱ्या दिवसापासून गंधार चढवून म्हणू लागते, किंवा गाणेच सोडते. चूक तिची नव्हती. मध्यस्थाच्या मापात खोट होती, आणि आपण मापाकडे न पाहता मालाला नावे ठेविली.

म्हणून क्रम असा असावा. आधी तंबोऱ्याचा आवाज चालू करावा, तो खराखुरा असो की प्रोग्रॅममधला. त्यात सा मुलांच्या गळ्याला सोसेल असा धरावा. काळी चार की पांढरी पाच हे मुलांच्या गळ्याने ठरवावे, बटणाने नव्हे. आधी मुलांनी सूर म्हणावा, मग बटण दाबून पाहावे, आणि दोन्हींत फरक वाटला तर तंबोऱ्याला विचारावे. वर्गात दोन मुले बटणांवर आणि बाकीची गळ्यावर अशी वाटणी केली तर बारी बारीने सगळ्यांचा हातही बसेल आणि गळाही. प्रोग्रॅममध्ये शुद्ध गंधाराची सोय असेल तर दोन्ही गंधार एकामागून एक वाजवून मुलांनाच विचारावे, “यातला तंबोऱ्यात मिसळतो तो कोणता?” मुले बहुधा बरोबर सांगतील. ज्या वर्गात हा प्रश्न एकदा विचारला गेला, त्या वर्गातली मुले पुढे कोणत्याही यंत्राचे सांगणे डोळे मिटून मानणार नाहीत.

अलेक्झांड्रियाच्या त्या कारागिरापासून आजपर्यंत पट्टीने माणसाला पुष्कळ दिले. ज्याच्या बोटांना तारेवरचा घट्टा नाही, ज्याच्या फुंकेला बासरीचा दम नाही, अशालाही तिने सूर दिला. अक्षरे लिहिण्याची चाकरी करून ती पुन्हा गाण्याकडे आली आहे, आणि तीही जिथे पेटी पोहोचली नाही अशा शाळेत पोहोचली आहे. तिला घरात घ्यावे, तिच्याकडून काम करून घ्यावे. सूर लागला की नाही, हा निवाडा मात्र मुलांच्या कानाकडेच ठेवावा, आणि तो कान रोज थोडा थोडा तयार करावा.